वाराच्या आदल्या दिवशीचे बोर्ड

सोमवार, २३ जून

आज मशीन पहिल्यांदा नीट चाललं. मी शेडच्या दारात उभा होतो, कारण आत जायची भीती वाटत होती. दोन लांब नळ्यांच्या खालून तपकिरी बोर्ड हळूहळू पुढं सरकला आणि त्याच्या अंगावर जांभळा उजेड पसरला. आवाज शेंगा भाजल्यासारखा. वास वीज कोसळल्यावर येतो तसा. अण्णानं पंखा लावून तो वास बाहेर काढला आणि म्हणाला, "ये की आत. तुला शॉक बसणार न्हाई, तू काय बोर्ड हायस?"

अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ आदर्श. पुण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या छापायच्या कारखान्यात तो हे काम शिकला. प्लॅस्टिकवर शाई बसत नाही, म्हणून आधी त्यावरून असा विजेचा उजेड फिरवतात. तिथलं मोडीत निघालेलं मशीन त्यानं गावी आणलं आणि लाकडाच्या भुशापासून केलेल्या बोर्डासाठी जुळवून घेतलं. या उजेडाला प्लाझ्मा म्हणतात. मी प्लाज्मा लिहिलं होतं, अण्णानं सुधारून दिलं. आयटीआय अर्ध्यात सोडल्यापासून मी असं लिहितो. छाती धडधडायला लागली की लिहिल्यावर बरं वाटतं.

अण्णानं नुसत्या बोर्डावर पाण्याचा थेंब टाकला. अळूच्या पानावर राहतो तसा तो गोल उभा राहिला. मग मशीनखालून काढलेल्या बोर्डावर टाकला. तो लगेच आडवा होऊन पसरला.

"बघ, बोर्डानं पाणी जवळ केलं," अण्णा म्हणाला. "आता पाण्यात कालवलेला रंग धरणार. थिनर नको, प्रायमर नको."

थिनर हा शब्द आमच्या घरात हळू आवाजात म्हणतात. आप्पांनी, आमच्या वडिलांनी, बेळगावच्या एका फर्निचरच्या दुकानात उभं आयुष्य पॉलिशची गन धरली. तोंडाला फक्त रुमाल. आता त्यांची फुफ्फुसं दमली आहेत. शेडला लागून असलेल्या खोलीत ते ऑक्सिजनची नळी नाकाला लावून बसतात. मधे एकच भिंत आहे, तीही वरपर्यंत पोचत नाही. आप्पा भिंतीपलीकडून म्हणाले, "मी दारूला शिवलो न्हाई बाबांनो, पण थिनर पिंपानं प्यालो."

अण्णा हसला. मला हसू आलं नाही.

गुरुवार, २६ जून

निपाणीहून यशोदाबाई आल्या होत्या. त्यांची बालवाडी आहे. गेल्या वर्षी कपाटं रंगवली तेव्हा मुलांना उलट्या झाल्या, पंधरा दिवस वर्ग अंगणात भरवावा लागला. त्यांना प्रत्येक मुलासाठी एक कप्पा असलेली बुटकी कपाटं हवी आहेत. पिवळी आणि हिरवी. वास नको, ही एकच अट. चौदा तारखेला नव्या वर्गाचं उद्घाटन आहे.

त्यांनी रंगवलेला नमुना नाकाशी धरला. मग पुन्हा धरला. "आदर्श, ह्याला खरंच कसलाच वास नाही हो!" आप्पांनी आतून विचारलं, "बाई, माझ्यासमोर घ्या की वास. मी थिनरचा पारखी हाय." त्या आत गेल्या. आप्पांनी नमुना नाकाला लावला आणि बराच वेळ मांडीवर ठेवून बसले.

ऑर्डर मिळाली.

अण्णाची कंपनीत बिनपगारी रजा आहे, जुलै संपेपर्यंत. नीलम वैनी पुण्यातच आहे, तिचीही नोकरी आहे. ठरलंय ते असं. ही कपाटं नीट गेली तर अण्णा नोकरी सोडून कायमचा गावात राहणार आणि दिवाळीपर्यंत वैनीही येणार. नाही तर अण्णा परत जाणार. आप्पांना मी एकट्यानं सांभाळायचं असा विचार आला की माझ्या तळहाताला घाम सुटतो. आईला सांगितलं नाही.

रविवार, २९ जून

मरगाईचे, आमच्या गावदेवीचे, वार आले. परवाच्या मंगळवारपासून पाच वार, मंगळवार आणि शुक्रवार धरून. त्या दिवशी गावात नांगर, गिरण, मशीन काही चालत नाही. कुणी शेतात जात नाही, कुणी कपडेही धूत नाही. वार आदल्या संध्याकाळी देवळातली घंटा झाली की लागतो. पूर्वी दवंडी फिरायची, आता गावाच्या ग्रुपवर मेसेज येतो. भरमाकाका कमिटीत आहेत, त्यांचा टेम्पोही त्या दिवशी दारात उभा असतो. ते आमच्या शेडपाशी येऊन म्हणाले, "आदर्शा, तुझ्या जांभळ्या बाईलाही सुट्टी दे रं."

"दिली की काका. तीबी गावचीच हाय आता."

मला बरं वाटलं. पुण्यात राहून आल्यावर लोक अशा गोष्टीला नावं ठेवतात. अण्णानं ठेवली नाहीत.

मंगळवार, १ जुलै

पहिला वार. आईनं सकाळीच आप्पांच्या कपाळाला अंगारा लावला. दुपारी त्यांचा श्वास गेल्या कित्येक दिवसांपेक्षा मोकळा होता. भाकरी खाल्ली, चटणी मागितली. आई म्हणाली, "बघितलासा? तिचा दिवस हाय." आप्पा मला डोळा मारून म्हणाले, "हिला म्हण, रोजच मंगळवार कर."

शनिवार, ५ जुलै

बोर्ड कापून झाले. कडा घासायचं काम माझं. मी प्रत्येक बोर्डावर बोट फिरवून बघतो, मग पुन्हा बघतो. अण्णा म्हणतो, "सौऱ्या, बोर्ड झिजंल रं."

ठरलं असं की सोमवारी सकाळी सगळे बोर्ड मशीनखालून काढायचे आणि दुपारी लगेच रंग. अण्णा म्हणाला, "हे तव्यावरच्या भाकरीगत असतंय. काढली की खायची. ठेवली की चिवट." म्हणजे धूळ बसू द्यायची नाही, असा मी अर्थ लावला. नीट विचारायला हवं होतं, पण तो मला मंद समजेल असं वाटलं. मी बाजारातून स्वच्छ प्लॅस्टिक आणून ठेवलं आहे. बोर्ड निघाला की झाकायचा.

सोमवार, ७ जुलै

आजचं सगळं ओळीनं लिहितो, नाही तर माझ्या डोक्यात घोळत राहील.

सकाळी लाईट नव्हती. दुपारी आली. आम्ही दोघांनी न जेवता बोर्ड सरकवले. मी प्रत्येक बोर्ड कडेला धरून उचलला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. शेवटचा बोर्ड निघाला आणि टकदिशी आवाज आला. पुढच्या नळीला तडा गेला होता. चिनीमातीसारखी असते ती. अण्णानं पुण्याला फोन लावला, नवी नळी यायला महिनाअखेर होईल म्हणाले. मी म्हटलं, "नशीब, सगळे बोर्ड निघाले होते." अण्णा लगेच कंप्रेसरची पाईप सोडवायला लागला. "रंग आत्ताच मारायचा," म्हणाला.

मी पहिल्या डब्याचं झाकण काढत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडं आप्पांना धाप लागली. नेहमीसारखी नाही. ओठ निळे पडले. आम्ही धावलो, ऑक्सिजन वाढवला, पाठीमागं उशा लावल्या. अण्णा त्यांना छातीशी धरून बसला होता आणि त्याच वेळी देवळातली घंटा वाजली.

हळूहळू श्वास जाग्यावर आला. अण्णा उठला आणि शेडकडं निघाला. आई दारात आली. ओरडली नाही. म्हणाली, "आदर्शा, वार लागला."

"आई, आजचा दिवस. रंग मारून बंद करतो."

"घंटा झाली आणि ह्यांचा श्वास परत आला. तू बघितलास न्हवं? ती दारात येऊन उभी हाय. आता तू तिच्या तोंडावर मशीन लावणार?"

"मशीन न्हाई, कंप्रेसर हाय नुसता."

"परवा लाव की. बोर्ड काय पळून जातात काय? सौरवनं गुंडाळून ठेवलेत चांगले."

मी म्हणालो, "व्हय, एक कणही बसणार नाही."

अण्णा आधी माझ्याकडं बघत राहिला, मग आईकडं. आईच्या मुठीत अंगारा होता. मग त्यानं कंप्रेसरची पिन काढली. "बरं," म्हणाला. आईनं त्याच्याही कपाळाला अंगारा लावला.

एक दिवसानं काय बिघडतंय. पण तो जेवला नाही.

मंगळवार, ८ जुलै

वार. आप्पा बरे आहेत. उठून बसले, भरमाकाकांशी पत्ते खेळले आणि हरल्यावर म्हणाले, "ऑक्सिजन कमी पडला म्हणून हरलो." आई दिवसभर हसतमुख.

अण्णा शेडच्या पायरीवर बसून होता. शेडला कुलूप नव्हतं, पण तो आत गेला नाही. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "काय न्हाई रं. सुट्टी खातोय."

बुधवार, ९ जुलै

सकाळी मी प्लॅस्टिक सोडलं. बोर्ड आरशासारखे स्वच्छ. मला मोठा अभिमान वाटला. अण्णानं एका बोर्डावर पाण्याचा थेंब टाकला, वाकून बघितलं आणि मी जवळ जाईपर्यंत बाहीनं पुसून टाकला. पाच-सहा बोर्डांवर तसंच केलं. मी म्हटलं, "मला दाखव की."

"काय दाखवायचं. रंग ढवळ."

नंतर तो यशोदाबाईंशी फोनवर बोलला. दोन आठवडे पुढं ढकलता येईल का विचारत होता. मला आश्चर्य वाटलं, सगळं तयार असताना कशाला? पत्रिका वाटून झाल्या आहेत, पाहुणे ठरलेत, असं त्या म्हणाल्या असाव्यात. अण्णा "बरं बरं" म्हणाला.

आप्पांनी आतून हाक मारली. "आदर्शा, काय अडचण असली तर थिनरच्या प्रायमरचा एक हात मार. पोटात घालून टाकतंय बघ सगळं. वरनं पाण्याचा रंग. कोण हुंगत बसतंय?"

"आप्पा, मधे भिंत किती हाय? आणि तिकडं पोरं हायत."

"माझं काय राहिलंय आता. एका दिवसानं मी मरतोय व्हय?"

अण्णा म्हणाला, "गन माझ्या हातात हाय. मी न्हाई मारणार." आणि रंगच मारला. पिवळा, मग हिरवा. पाण्याचा. सुकल्यावर फार सुंदर दिसले बोर्ड. मी म्हटलं, "अण्णा, जमलं!" तो नळावर हात धूत होता, बराच वेळ धूत होता.

शनिवार, १२ जुलै

काल वार होता म्हणून आज कपाटं पोचवली. भरमाकाकांच्या टेम्पोत मी मागं बसून गेलो, संकेश्वरच्या पुढं रस्ता खराब आहे म्हणून प्रत्येक कपाटाखाली पोती घातली. यशोदाबाई प्रत्येक कप्प्यात डोकं घालून वास घेत होत्या. "शाब्बास!" त्या म्हणाल्या. भरमाकाका म्हणाले, "बाई, आता टेम्पोचा तेवढा वास घेऊ नका."

येताना मी नीलम वैनीला फोटो पाठवले. तिनं लिहिलं, "मग आता आमची बॅग भरू का?" मी अण्णाला दाखवलं. त्यानं फोन परत दिला.

गुरुवार, १७ जुलै

यशोदाबाईंचा फोन. या म्हणाल्या. दोघंही या.

शुक्रवार, १८ जुलै

उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येक कप्प्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी चिकटपट्टीनं लावली होती. दोन मुलींना शेजारचे कप्पे हवे होते म्हणून बाईंनी एक चिठ्ठी काढली. चिठ्ठीबरोबर रंग आला. कांद्याचं साल निघावं तसा, सलग. खाली बोर्ड कोरा. मग दुसरी काढून बघितली. तीही तशीच. मुलांना खेळच मिळाला. त्यांनी नखानं पिवळी सालं सोलून वर्गभर टाकली, एकानं तोंडात घातली. त्या दिवशी बाईंनी कपाटं बाहेर काढली.

आम्ही गेलो तेव्हा मुलांची दप्तरं पुठ्ठ्याच्या खोक्यांत होती. खोक्यांवर तीच नावं.

यशोदाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मी सगळ्या पालकांना तुमचं नाव सांगितलं होतं, आदर्श. वासाशिवाय होतं म्हणून. आता ते म्हणतात, जुनंच बरं होतं."

मला वाटलं माझ्या तळहाताचा घाम बोर्डाला लागला असेल. मी म्हणालो, "बाई, कदाचित माझ्या हातामुळं."

अण्णानं माझा खांदा धरला. "याचं काय न्हाई. मशीनची सेटिंग माझ्याकडनं चुकली. तुमचं काम खराब केलं मी."

आणि त्यानं त्यांच्यासमोर हात जोडले. माझा भाऊ हात जोडताना मी कधी बघितला नव्हता.

रविवार, २० जुलै

अण्णानं घरातही तेच सांगितलं. सेटिंग चुकली.

मला झोप नाही, भूक नाही. आणि आता मला राग आला आहे, तो इथं लिहितो. मी प्रत्येक कड दोनदा तपासली. मी प्लॅस्टिक आणलं. एक आकडा नीट लावायचा होता, तो ज्याला सगळं येतं त्यानंच चुकवला! आप्पांसाठी तरी लक्ष द्यायचं. भरमाकाका चौकात म्हणाले म्हणे, "पुण्याला काय शिकून आला, पिशव्याच छापायला पाहिजे होत्या." मी ते ऐकून गप्प बसलो, कारण मलाही तसंच वाटत होतं.

आई म्हणाली, "एवढं घाईनं केलं कशाला? आपल्या हातचं काम देवानं दिलेलं असतंय, त्यात मन पाहिजे." अण्णा मान खाली घालून भात कालवत होता.

बुधवार, २३ जुलै

अण्णा गेला. सकाळच्या बसनं. आप्पांच्या पायाशी बसला, त्यांची नखं कापली. आप्पा म्हणाले, "परत कवा?" तो म्हणाला, "लवकर." आप्पा म्हणाले, "माझ्या लवकरची आणि तुझ्या लवकरची गाठ पडंल असं बघ."

मी स्टँडवर सोडायला गेलो, पण त्याच्याशी बोललो नाही. बस हलताना तो खिडकीतून म्हणाला, "नळी आली की बसवून ठेव. गंज चढू देऊ नकोस." मी नुसती मान हलवली.

बुधवार, ३० जुलै

नळी आली. बसवली. मी एकट्यानं मशीन लावलं, उजेड पडला. अण्णानं भिंतीवर खडूनं लिहिलेल्या सेटिंगवरच लावलं, ती तशीच होती, कुणी बदललेली दिसत नाही. उरलेला एक तुकडा फिरवला. थेंब टाकला. लगेच पसरला.

मग चूक कशात होती? सेटिंग तर बरोबर आहे.

तुकडा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला. सवयच झाली आहे.

शुक्रवार, १ ऑगस्ट

आज तो तुकडा सोडला. काही बघायचं म्हणून नाही, त्यावर चहाचा पेला ठेवायला घेतला. पेल्याच्या बुडाचं पाणी बोर्डावर पडलं आणि गोल उभं राहिलं.

मी पेला खाली ठेवला. स्वच्छ पाण्याचा थेंब टाकला. तोही उभा राहिला. अळूच्या पानावरचा.

मी दुसरा तुकडा फिरवला. थेंब आडवा. आता तो तसाच ठेवतो आणि रविवारी बघतो. असं लिहितोय, पण मला कळलं आहे.

रविवार, ३ ऑगस्ट

दुसऱ्या तुकड्यावरही थेंब उभा राहिला.

धुळीचा काही संबंध नव्हता. बोर्ड करताना त्याच्या पोटात मेण घालतात, ते हळूहळू परत वर येतं, आणि उजेडानं दिलेलं सगळं निघून जातं. तव्यावरची भाकरी. सोमवारी रंग लागला असता तर बसला असता. मंगळवार मध्ये गेला आणि नळी फुटली होती, म्हणून पुन्हा फिरवताही येत नव्हतं. अण्णाला हे घंटा वाजली तेव्हाच माहीत होतं. आणि मी त्याच्यासमोर उभा राहून म्हणालो होतो, एक कणही बसणार नाही.

पुण्याला फोन केला.

"अण्णा, मी थेंब टाकून बघितला. दोन दिवसांनी."

त्याच्या मागं गाड्यांचे आवाज येत होते. मग म्हणाला, "शाणा झालास."

"तू त्या दिवशी आईला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? आप्पांचा श्वास तिच्या डोळ्यांदेखत परत आला. ती म्हणत होती देवी दारात उभी हाय. मी काय म्हणणार, हाकल तिला, मला रंग मारायचाय?"

"पण नंतर तरी? बाईंना, गावाला? सगळे तुला..."

"नंतर सांगितलं असतं तर आईनं काय ऐकलं असतं? की तिच्या वारामुळं पोराचं काम बुडालं. सौऱ्या, आप्पा अजून हायत ते त्या वारामुळं, असं ती धरून बसलीय. तेवढंच हाय तिच्याकडं. ते काढून घेऊन मी काय करू? तू पण बोलू नकोस."

मी म्हणालो, "परत ये. आता मला येतंय सगळं."

"आता रजा न्हाई रं. दिवाळीला बघू."

मी त्याची माफी मागणार होतो, स्टँडवर न बोलल्याबद्दल. तेवढ्यात त्याचा साहेब आला आणि फोन ठेवला.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

काल सकाळी आप्पा गेले.

चहा मागितला. मी आणेपर्यंत त्यांचा चेहरा बदलला होता. आईनं "आदर्शा, आदर्शा" अशी हाक मारली, तो इथं असल्यासारखी. पाणी मी घातलं. ते ओठांच्या कडेनं खाली आलं. मी पुसलं आणि पुन्हा घातलं.

अण्णा आणि वैनी दुपारनंतर पोचले. लोक थांबले होते. अण्णा आप्पांच्या उघड्या छातीवर हात ठेवून उभा राहिला, जणू ती वरखाली होईल.

मंगळवार, १९ ऑगस्ट

काल बारावा झाला. आज पाहुणे गेले. आई सोप्यात बसली होती, शेजारच्या बायका होत्या, भरमाकाका दारात होते. आई शांत होती. सांगत होती, "त्या सोमवारीच जाणार होते ते. ओठ निळे झाले होते. मरगाईची घंटा झाली आणि परत आले. वार पाळला म्हणून महिनाभर तरी मिळाला मला. चटणी-भाकरी खाल्ली, पत्ते खेळले." बायका म्हणाल्या, "व्हय गं बाई, तिचं सत्त्व हाय." आईच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा रंग आला होता.

मग तिची नजर अण्णाकडं गेली. तो कोपऱ्यात बॅग भरत होता.

"तुझ्याच नावानं हाका मारत होते शेवटचे आठ दिवस," ती म्हणाली. "तू हितं असतास तर तुझ्या हातचं पाणी पिऊन गेले असते. एवढं एक काम नीट केलं असतंस, आदर्शा. जरा लक्ष दिलं असतंस तर घरातच राहिला असतास."

सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. भरमाकाकांनी बाहेर तोंड वळवलं.

माझ्या तोंडात शब्द आले होते. खरंच आले होते. मी "आई" एवढं म्हणालोही. अण्णानं माझ्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली नाही, डोळे मोठे केले नाहीत, नुसतं बघितलं. आणि बॅगची चेन ओढून म्हणाला, "चुकलं आई माझं."

"आता म्हणून काय उपयोग?"

"न्हाई उपयोग."

नीलम वैनी उठून आत गेली. तिला ठाऊक असावं. आत भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

आईनं तरीही त्याला भाकऱ्या बांधून दिल्या, शेंगाची चटणी दिली, बसपर्यंत चालत आली. बस सुटल्यावर मी स्टँडवर तिचा हात धरला. स्टँडवरच्या गर्दीत अण्णाची खिडकी कुठली ते मला ओळखता आलं नाही. मी सगळ्याच खिडक्यांकडं बघून हात केला.

येताना शेडपाशी आई थांबली. दार ढकलून आत बघितलं. मशीनवर मी घातलेलं कापड जरा सरकलं होतं, तिनं ते नीट केलं.

"तू चालवणार हे?" तिनं विचारलं.

"बघतो."

"चालव. पण जरा मन लावून कर बाबा. अण्णासारखं करू नकोस."

मी "बरं" म्हणालो.